बांधावरची वाळलेली बाभूळ चेनसॉने कशी पाडावी?

प्रश्न (रावेर): केळीच्या बागेलगत दीड फूट जाडीची बाभूळ उभी आहे. काप कोठून सुरू करावा?

उत्तर (चोपडा): ज्या बाजूला पाडायची, तिकडे जाडीच्या पाव हिश्शाएवढी खाच घ्यावी, मागचा काप खाचेच्या टोकाहून इंचभर वर ठेवून मध्ये दहाव्या हिश्शाचे लाकूड अखंड राखावे, कारण तेच बिजागरीसारखे झाडाला दिशा देते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नसावे.

उत्तर (यावल): चेनसॉची साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र उसळून थेट तोंडावर येते. वाळलेल्या फांद्या वरून तुटतात, म्हणून हेल्मेट हवेच.

प्रश्नकर्ता: झाड बागेकडेच झुकलेले आहे.

उत्तर (चोपडा): मग कापताना खोड उभे चिरण्याचा धोका असतो, अनुभवी तोड्याशिवाय हात घालू नये.