एमआरआयमध्ये टाचेची नस आणि हाड काळं का दिसतं?

निळी_वही:
आईची टाच तीन महिने दुखतेय म्हणून एमआरआय काढला. घरी फिल्म खिडकीशी धरून बघितली तर टाचेमागचं जाड टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी, घरी आम्ही नस म्हणतो) काळंकुट्ट, नडगीच्या हाडाचं बाहेरचं कवचही काळं, आतली मज्जा मात्र पांढरी. मी बीएस्सी फिजिक्सला आहे, एमआरआय हायड्रोजनचा सिग्नल पकडतो एवढं माहितीये, आणि टेंडनमध्ये तर निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मग ते गेलं कुठे? आई म्हणते नस वाळली म्हणून काळी झाली.

चुंबकवाला:
आईंना आधी सांग, काळं दिसणं चांगलं आहे. धडधाकट टेंडन काळंच दिसतं, त्यात पांढरं दिसलं की आम्ही टेक्निशियन लोक नीट बघायला लागतो. पाणी आहे तिथेच आहे, फक्त मशीन ऐकायला लागायच्या आत त्याचा सिग्नल विझलेला असतो. आपण रेडिओ लहरींची पल्स देऊन साधारण 10 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त थांबून इको, म्हणजे परत येणारा सिग्नल घेतो, आणि टेंडनचा टी-2, म्हणजे सिग्नल विझायचा वेळ, असतो एक-दोन मिलिसेकंद, हाडाच्या कवचाचा 0.4 च्या आसपास.

निळी_वही:
हो की, 10 भागिले 0.4 म्हणजे 25, म्हणजे ई चा वजा 25 वा घात, काहीच उरत नाही! पण पाणी तेच, मग तिथेच इतकं लवकर का विझतं?

के_स्पेस:
लेझमीचं पथक डोळ्यासमोर आण. पल्स दिली की सगळे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, एका ठेक्यात सुरू होतात. आता प्रत्येकाच्या कानाशी वेगळा ढोल, म्हणजे शेजारच्या प्रोटॉनचं छोटंसं चुंबकक्षेत्र, कुणाचा थोडा जलद कुणाचा संथ. मोकळ्या पाण्याचे रेणू सारखे गरगर फिरतात, सगळे ढोल थोडे थोडे कानावर पडून सरासरी एकच ठेका उरतो आणि पथक बराच वेळ जुळून राहतं. टेंडन आणि हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना चिकटलेल्या पाण्याला तसं फिरता येत नाही, जो तो आपापल्या ढोलाशी अडकतो आणि क्षणात पथक विस्कटतं.

म्हणून मग लवकर ऐकायचं. अल्ट्राशॉर्ट इको टाइम नावाच्या पद्धतीत पल्स संपल्यावर 0.03 ते 0.1 मिलिसेकंदातच रीडिंग सुरू होतं, ओळीओळीने नाही तर मधूनच बाहेर, सायकलच्या आऱ्यांसारखं. तुझंच गणित 0.05 ने कर, हाडाचा 88 टक्के सिग्नल शिल्लक. पण मग सगळंच उजळतं, म्हणून थोड्या वेळाने दुसरा इको घेऊन पहिल्यातून वजा करतात, म्हणजे फक्त लवकर विझणारं तेवढं उरतं. 1991 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने याच आऱ्यांच्या पद्धतीने फुप्फुसाच्या इमेज काढल्या होत्या, तिथे हवा आणि ऊतीच्या सीमेवर चुंबकक्षेत्र जागोजागी बदलतं त्यामुळे सिग्नल असाच पटकन जातो. मला तर हे सगळं फार सुंदर वाटतं, इतकी वर्षं जिथे काहीच नाही असं धरून चाललो तिथेच पाणी होतं.

निळी_वही:
मग हे सगळीकडे का नाही करत?

चुंबकवाला:
कॉइलला पाठवणं थांबवून लगेच ऐकायला लागावं लागतं, ग्रेडियंट (जागा ओळखायला दिलेलं चढउताराचं चुंबकक्षेत्र) जरा उशिरा आला तरी इमेज धूसर होते, वर वेळही जास्त. नेहमीच्या टाचदुखीला त्याची गरजही पडत नाही. लहान मुलांच्या कवटीसाठी मात्र झीरो इको टाइम, म्हणजे जवळजवळ न थांबता ऐकणारा प्रकार, कामाचा, सीटीचं रेडिएशन वाचतं आणि ग्रेडियंट फारसे बदलत नसल्याने मशीन खडखडतही नाही.

निळी_वही:
आत्ता परत बघितलं, टाचेच्या दोन-तीन बोटं वर टेंडनमध्ये एक पांढरी रेघ आहे. ते मॅजिक अँगल वाचलं, तंतू चुंबकक्षेत्राशी 55 अंशात आले की धडधाकट टेंडनही पांढरं दिसतं, तेच असेल का?

के_स्पेस:
मॅजिक अँगल घोट्याला वळसा घालून जाणाऱ्या टेंडनमध्ये सापडतो, कारण तिथे तंतू चुंबकक्षेत्राला तिरके होतात. टाचेमागचं टेंडन पाय सरळ ठेवला की जवळजवळ क्षेत्राच्या दिशेनेच असतं. शिवाय तो छोट्या इकोत दिसतो, मोठ्या इकोच्या टी-2 फिल्मवर जातो. त्या फिल्मवर रेघ आहे का बघ.

निळी_वही:
आहे, तिथेही आहे.

चुंबकवाला:
मग ती रेघ डॉक्टरांना बोट ठेवून दाखव, नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडी दोन्ही ने. आणि तोवर आईंना जिना कमी चढू दे.