अनुभव धागा: शनिवारवाडा ते तुळशीबाग, चांगलं कुठे आणि कधी खावं

शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय. पुणं बघायला आलेला माणूस दिवसभर याच पेठांत फिरतो आणि बऱ्याचदा इथेच बेचव जेवून परत जातो. याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांचा या भागात रोजचा वावर आहे त्यांनी लिहावं. नुसती नावं नकोत, चांगली जागा ओळखायची कशी तेही सांगा. वर आपली पेठ, काम किंवा विषय लिहा.

कसबा पेठ

सगळ्यात आधी घड्याळ बघा. पेठांतल्या चांगल्या जागा बेताचा स्वयंपाक करतात. सकाळचा नाश्ता साधारण अकरापर्यंत, जेवण साडेअकरा ते अडीच. मग पातेली घासायला जातात, ती संध्याकाळीच पुन्हा चढतात. पाहुणे वाडा बघून तीनच्या सुमाराला भुकेले बाहेर येतात, तेव्हा उघडं काय असतं? दिवसभर सगळं मिळेल अशी पाटी लावलेली दुकानं. फसगत होते ती इथे.

उपाय सोपा आहे. साडेआठ-नऊला पोटभर नाश्ता, मग वाडा. साडेबाराच्या आत जेवायला बसा. एकनंतर थांबावं लागतं. तीन वाजलेच तर जेवणाचा हट्ट सोडा. डेक्कनला गुडलकमध्ये बनमस्का-चहा घ्या (१९३५ पासूनचं इराणी हॉटेल), नाहीतर फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली, रूपालीत इडली-डोसा. ही हॉटेलं दुपारीही चालू असतात. नाहीतर चारला उपाहारगृहांत वड्याचा पहिला घाणा निघेपर्यंत थांबा.

भटारखान्यात काम करणारा

मेनूकार्डावरून भटारखाना कळतो. मिसळ, पंजाबी, चायनीज, पिझ्झा, पावभाजी सगळं एका कार्डावर असेल आणि आत दोन-तीनच माणसं असतील, तर पंजाबी भाज्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या अशा तीन तयार ग्रेव्ह्यांवर निघतात. नावं वीस, चवी तीन. अशा ठिकाणी बसावंच लागलं तर डोसा किंवा उत्तप्पा मागवा. तो मागणी आल्यावर तव्यावर पडतो, आदला उरलेला देता येत नाही.

तळणाची कढई बाहेर असते, ती जरूर बघा. वडा सोडल्यावर येणारे बुडबुडे वडा तळत जाईल तसे कमी व्हायला हवेत. तेल जुनं असेल तर वर फेस येतो, तो बसत नाही, आणि तळण नसतानाही कढईतून धूर निघत राहतो. तेलातली टोटल पोलर कंपाऊंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारी संयुगं) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाकडे मोजायचं यंत्र नसतं, पण फेस, धूर आणि काळपट पडलेलं आवरण तर दिसतं.

साबुदाण्याची खिचडीही तशीच. दाणा मऊ पण सुटा हवा आणि कूट त्याला चिकटलेलं हवं. पाणी जास्त झालं किंवा झाकून फार वेळ गरम ठेवली की गोळा होतो. दाण्यात पांढरा ठिपका राहिला तर तो नीट भिजलेला नाही.

लक्ष्मी रोड, कापडदुकान

इथल्या दुकानदाराला ‘जेवायला कुठे जाऊ’ असं विचारू नका. आम्ही बहुतेक जण घरून डबा आणतो, त्यामुळे उत्तर ऐकीव मिळतं. ‘तुम्ही चहा-नाश्त्याला कुठे जाता?’ असं विचारा. किंवा अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानातल्या पोऱ्याला विचारा. सकाळी त्याचे पाय जिकडे वळतात तिकडे जा.

नारायण पेठ

काही नावं देते. बेडेकरांची मिसळ नारायण पेठेत, रस्सा गोडसर, सोबत स्लाइस ब्रेड. झणझणीत मिळेल म्हणून आलात तर हिरमोड होईल, हे आधीच सांगते. दुसरं, तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन, तेही मिसळीसाठी. कुठल्याही मिसळीत शेव-फरसाण मागणी आल्यावर वरून पडलं पाहिजे. आधीच भरून ठेवलेल्या ताटल्यांत ते मऊ पडतं. सँपल, म्हणजे मिसळीचा रस्सा, पुन्हा मागाल तेव्हा ते वाफाळतं यायला हवं.

थाळीची परीक्षा पोळीवर. घडीची पोळी मधोमध फाडली की पदर सुटतात. पुन्हा तापवलेलीच्या कडा कडक असतात आणि पदर एकमेकांना चिकटून बसतात. आणखी एक खूण: डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर ताजी वाढलेली असते की आधीच वाटीत सुकलेली? थोडं चालायची तयारी असेल तर टिळक रस्त्यावरचं बादशाही आहेच. जेवणानंतर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानी (मस्तानी म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध). दोघांत एक पेला पुरतो.

मोबाइलवर शोधणाऱ्यांसाठी

ताऱ्यांची सरासरी बघून ठरवू नका. अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावा, कारण आचारी बदलला की चव बदलते आणि सरासरी मात्र जुनीच राहते. मग तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, त्यांत तपशील असतो. अभिप्रायांतच ‘पोळी’, ‘सँपल’ असे शब्द शोधा. फोटो गिऱ्हाइकांनी काढलेले बघा.

बिलाबद्दल

मुक्कामाच्या हॉटेलात नसलेल्या, स्वतंत्र उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के, एसी असो वा नसो. बिलावर कंपोझिशन करदाता (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतला) असं लिहिलं असेल तर वेगळा जीएसटी लावताच येत नाही. सेवाशुल्क सक्तीचं नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तशी आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. काढायला शांतपणे सांगा. नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

बुधवार पेठ

संकष्टीला दगडूशेठच्या आसपास उपासाचे पदार्थ लवकर संपतात, सकाळीच खाऊन घ्या. गणेशोत्सवात संध्याकाळी शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद होतात. तेव्हा जेवण नदीपलीकडे, डेक्कनला उरकून मग पायी पेठांत या. परतताना मंडई मेट्रो स्टेशन जवळ पडतं.