लाईट गेली की कॉम्प्युटरची तारीख मागं जायली, सेटिंग कुठं हाय?

सेलूकर:
नमस्कार मंडळी, सेलूला माझं छोटं ई-सेवा दुकान हाय, जुना डेस्कटॉप, विंडोज १०. आठ-दहा दिवस झाले, सकाळी मशीन चालू केली की काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम असं कायतरी येतं आन् एफ१ दाबा म्हणतं, दाबलं की विंडोज येते पण तारीख १ जानेवारी २०१५. मग क्रोममधी एकबी साइट उघडत नाही, 'युवर क्लॉक इज बिहाइंड' दाखवतं. सेट टाइम ऑटोमॅटिकली ऑनच हाय तरी टाइम बसंना, कामून ते कळंना. काल एक आजी एसटीनं सातबारा काढायला आल्या, अर्धा तास बसल्या, मला जमलं नाही, तशाच परत गेल्या, लई वाईट वाटलं.
आणखी एक, शाळेची जन्मतारखेची सीएसव्ही फाइल एक्सेलमधी उघडली की ५ ऑगस्टची ८ मे होऊन बसायली. ह्याची पण सेटिंग सांगा कोणीतरी.

नांदेडचा_मेकॅनिक:
दादा, पहिला प्रॉब्लेम सेटिंगचा नाहीच, मदरबोर्डवरचा, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल संपलाय. मशीनला करंट नसताना घड्याळ त्याच सेलवर चालतं. आपल्याकडं रात्री निघताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असती (वीज कडाडते, बंद करावंच, त्यात चूक काही नाही) पण मग रात्रभर सगळा भार सेलवर येतो. नुसतं शटडाऊन करून बटण चालू ठेवलं तर बोर्डाला थोडा करंट मिळत राहतो आन् सेल वाचतो.
सीआर २०३२ सेल आणा, ३ व्होल्टचा. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आन् ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, दुकानदारानं २०२५ दिला तर घेऊ नका, तो पातळ असतो, खाचेत ढिला बसतो. भिंतीतली पिन काढा, कॉम्प्युटरचं पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, मग साइडचं झाकण उघडा. सेलच्या कडंला लोखंडी क्लिप असती ती नखानं सरकवली की सेल उडून वर येतो, नवा बसवताना अधिकची खूण वर. मग चालू करताना डिलीट नाहीतर एफ२ दाबत राहा, बायोसमधी (विंडोजच्या आधी येणारा बोर्डाचा सेटिंगचा स्क्रीन) जाऊन तारीख-वेळ टाका आन् सेव्ह करूनच बाहेर या. सेल गेला की बायोसच्या बाकी सेटिंग पण मूळपदावर जातात, म्हणून बूटमधी (मशीन कशावरून चालू व्हायची ती यादी) तुमची हार्डडिस्क पहिली हाय का तेवढं बघून घ्या.
ऑटोमॅटिकचं असं हाय की घरच्या विंडोजमधी फरक १५ तासांपेक्षा जास्त असला की ती इंटरनेटवरची वेळ मानतच नाही, तुमचा तर कित्येक वर्षांचा फरक. सेल मिळेपर्यंत स्टार्टवर राइट क्लिक, सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, तिथं ऑटोमॅटिक आधी ऑफ करा, मग चेंज दाबता येतं, आजची तारीख टाका, परत ऑन करून खाली सिंक नाऊ दाबा. दोन मिनिटाचं काम, गिऱ्हाईक परत जाणार नाही.

उदगीरकर:
तिथंच टाइम झोन पण बघा, चेन्नई कोलकाता मुंबई नवी दिल्ली असं लिहिलेलं पाहिजे. कोणाचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं पडत असंल तर सेल बदलू नका, ते झोनचं नाहीतर त्याच मशीनवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी सिस्टीम पण टाकल्याचं लक्षण. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहून ठेवतं आन् विंडोज तीच इथली वेळ समजून वाचती.

परळीची_शिक्षिका:
सेलूकर दादा, जन्मतारखांचं मी सांगते, आमच्या शाळेत मागच्या वर्षी हाच घोळ झालता. तुमच्या विंडोजचा फॉरमॅट अमेरिकेचा असणार, तिकडं महिना आधी लिहितात. टाइम अँड लँग्वेजमध्येच रीजन आहे, तिथं रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया करा आणि एक्सेल बंद करून परत उघडा. पण ज्या तारखा आधीच उलट्या होऊन सेव्ह झाल्यात त्या ह्यानं सुलट होत नाहीत, म्हणून शाळेनं पाठवलेली मूळ फाइलच परत उघडा. ओळखायची खूण म्हणजे उलटलेल्या तारखा सगळ्या १ ते १२ मधल्याच असतात आणि १२ च्या पुढच्या, जसं २५ तारीख, त्या एक्सेलच्या चौकटीच्या डाव्या बाजूला चिकटून बसतात, कारण एक्सेल त्यांना तारीख समजतच नाही, २५ वा महिना कुठून येणार. एकेक तारीख दाखल्याशी ताडून बघा हो, लेकराच्या जन्मतारखेत चूक राहिली की पुढं दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत निस्तरत बसावं लागतं.

सेलूकर:
मंडळी, झालं. सेल स्टेशन रोडच्या घड्याळवाल्याकडं भेटला. जुना काढला तर खाचेत हिरवट बुरशीवानी दिसलं, कोरड्या ब्रशनं पुसून नवा बसवला. मुद्दाम रात्री बटण बंद करून गेलो, सकाळी तारीख जागच्या जागी. मॅडम, फॉरमॅट बदलून मूळ फाइल परत उघडली, आधीच्या यादीत २८ लेकरांच्या तारखा उलट्या निघाल्या, दाखल्याशी ताडून दुरुस्त यादी आज शाळेत देऊन आलो. आजींना त्यांच्या पोराच्या नंबरवर निरोप दिलाय, उद्या सातबारा काढून ठेवतो म्हणून.