घरातली मोंटेसरी, वय सहा ते बारा: तुमचे अनुभव लिहा

केळफूल

गौरींच्या आधीची आवराआवर म्हणून काल माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यात सासूबाईंची इरकली नऊवारी निघाली आणि तिला अजून चौदा-पंधरा सेफ्टी पिना लावलेल्या. प्रत्येक पिनेला एक चिठोरी. एकीवर लेकीच्या तेव्हाच्या गिचमीड अक्षरात 'डायनोसोर मेले'. मी तिथेच ट्रंकेवर बसून राहिले.

२०२० ची गोष्ट. लेक सात वर्षांची, मोंटेसरीच्या प्राथमिक वर्गात नुकतीच गेलेली आणि शाळा बंद. वर्गात कालपट्टी असते ना, पृथ्वी झाली तिथपासून माणसापर्यंत, ती घरी करा म्हणून निरोप आला. कागद एवढा लांब आणायचा कुठून? दुकानं बंद. सासूबाई म्हणाल्या, माझी नेसायची घ्या की, नऊ वार आहे.

मग बेत ठरला. नऊ वार म्हणजे पृथ्वीचं वय, ४६० कोटी वर्षं. एका वाराला किती? लेक मोजायचे मणी घेऊन बसली. सासूबाई सातवी पास, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एक्कावन्न कोटी आणि वर थोडी." हॉलपासून मागच्या बाल्कनीपर्यंत साडी पसरली. दोन वार गेल्यावर पहिला जीव. त्यापुढे सहा वार नुसते जिवाणू आणि शेवाळ. लेक वैतागली, "आजी, इथे काहीच कसं नाही गं?" त्या म्हणाल्या, "थांब की. स्वयंपाकाला वेळ लागतो."

शंख-शिंपले, मासे, झाडं, सगळं शेवटच्या वारात, म्हणजे जवळपास पदरावरच. डायनोसोर गेले तिथून टोकापर्यंत बारा सेंटिमीटर. सासूबाईंनी वीत ठेवून बघितली, अर्धी भरली. त्याच पिनेला दुसरी चिठोरी आहे, 'आपला सह्याद्री'. लाव्हा ओतला गेला तो त्याच सुमाराचा. आणि माणूस? तीन लाख वर्षं म्हणजे अर्धा मिलिमीटर. पिन लावायला जागाच नव्हती. लेकीनं पदराच्या टोकाचा एक दोरा ओढून दाखवला, "हे आपण."

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. पिना काढायचा धीर होत नाहीये.

तीन ते सहाचं सगळे लिहितात, पाणी ओतणं, बटणं लावणं, डाळ-तांदूळ वेगळे करणं. पुढच्या मुलांचं कोणी लिहीत नाही. तुम्ही घरी काय काय केलंत?

सेमीफास्ट

पहिला! वाचून डोळ्यांत पाणी आलं, लोकलमध्ये आहे, लोक बघतायत. साडीचा फोटो टाका.

खमंग_काकडी

आमच्याकडे व्याकरण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोल, विशेषणाला निळा त्रिकोण, अशा खुणा वाक्यावर ठेवत जायचं. विकत घ्यायला गेलं तर किंमत बघून मी पान बंद केलं. काळे त्रिकोण जुन्या एक्स-रेचे कापले. लाल गोल कुठून आणू म्हणेपर्यंत पोरानं माझं टिकल्यांचं पाकीट फोडलं. मोठ्या लाल टिकल्या, मागे डिंक आयता! आठवडाभर घरात जिकडे तिकडे क्रियापदं. आई हळदीकुंकवाला निघाली तर हा ओरडतोय, "आजीनं कपाळाला क्रियापद लावलंय!"

पण खरी मजा पुढे. शब्दयोगी अव्ययाला हिरवी चंद्रकोर. इंग्रजीत तो शब्द सुटा असतो, म्हणून कोर सरळ वर बसते. मराठीत 'झाडावर' एकच शब्द. पोरगा कात्री घेऊन आला. पट्टीवरून 'वर' कापला, त्यावर कोर ठेवली. 'झाड' कापला, त्यावर त्रिकोण. मधे एवढासा 'आ' उरला, तो बोटावर घेऊन विचारतो, "आई, हा कोणाचा?"

मी सामान्यरूप वगैरे सुरू केलं तर म्हणे नको, मी त्याला डबीत ठेवतो. मग डबीत 'घरामागे'चा आला, 'दगडाखाली'चा आला. नदीजवळ मात्र काहीच उरेना! स्वारी दिवसभर शोधत होती की नदीचं काय हरवलं.

निवांत_दुपार

नदीचं काय हरवलं!! अगं हे शीर्षक आहे कवितेचं.

दोन_पोरांचा_बाप

मोंटेसरीत आकडे मांडायला सोनेरी मणी असतात ना, ते मी घरी केले होते. हसू नका. तुळशीबागेतून मणी आणले, तार आणली. दहा मण्यांची एक कांडी, दहा कांड्यांचा शतकाचा चौकोन, असे दहा चौकोन एकावर एक की हजाराचा ठोकळा. म्हणजे फक्त त्या ठोकळ्याला शंभर कांड्या. रात्री जेवणं झाली की मी आणि पक्कड. बायको म्हणे एवढ्या वेळात माझं मंगळसूत्र गाठवून झालं असतं.

झालं एकदाचं. पोरगी बेरीज करतेय, मी ऐटीत चहा पितोय. तिचं उत्तर येईना. दहा एककं देऊन दशक घ्यायचं, दहा दशकं देऊन शतक घ्यायचं, सगळं बरोबर करत होती, पण कांड्या आणि चौकोन शेजारी ठेवून बघितलं तर चौकोन बारीक. माझा शतकाचा चौकोन नऊ कांड्यांचा होता. आठवडाभर आमच्या घरात शंभर म्हणजे नव्वद चालू होतं. पोरीनं आईला सांगितलं, "बाबाच्या शंभरात दहा कमी आहेत." अजून ऐकवतात, पगाराच्या दिवशी विशेष.

सेमीफास्ट

बाबाच्या शंभरात दहा कमी, हे टीडीएस म्हणून खपवायचं होतं.

पोपटी_चाफा

मी अकरा वर्षं मोंटेसरीत प्राथमिक गटाची ताई, म्हणजे शिक्षिका, होते, आता गुडघ्यांमुळे घरी. केळफूल, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. तो जो "थांब की" आहे ना, ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवूनही कित्येकांना जमत नाही.

एक सांगते. सहा वर्षांपुढचं मूल वस्तूंवर कमी आणि 'का' वर जास्त जगतं. म्हणून त्या वयाला गोष्टी मोठ्या द्यायच्या. विश्व कसं झालं, जीव कसे आले, माणूस कसा आला, लिपी कशी आली, अंक कसे आले. आणि यातलं बरंचसं आपल्याकडेच आकाराला आलंय! ही पद्धत काढणाऱ्या मोंटेसरीबाई मूळच्या इटलीच्या, १९३९ साली मद्रासला अड्यारला आल्या त्या थोडे महिने प्रशिक्षण देऊन परत जाणार होत्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेली आणि इंग्रजांनी त्यांना अडकवून ठेवलं. कोडाईकॅनलला राहिल्या तेव्हा मोठी मुलं हाताशी आणि आजूबाजूला डोंगर, झाडं, ओढे. तिथे हे मोठ्या मुलांचं काम वाढलं. परत जायला १९४६ उजाडलं.

बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

माळावरचा_धोंडा

राग मानू नका, पण हे सगळं ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचं. आम्ही झेडपीच्या शाळेत पावकी-निमकी म्हणत मोठे झालो. आज्जा शेर-पायलीत धान्य मापायचा, मी शेजारी उभा राहून मोजायचो. मापटं भरलं की तो 'लाभ' म्हणायचा, एक नाही म्हणायचा. मग दोन, तीन. चार शेरांची पायली. हात पोत्यात आणि आकडा तोंडात. कुणी त्याला मोंटेसरी म्हटलं नाही आणि फी पण घेतली नाही.

पोपटी_चाफा

अहो धोंडा, राग कसला, तुमचा आज्जा आमच्यातलाच!

कोसबाडची_करवंदं

धोंडा दादा, हेच तर ताराबाई मोडकांनी केलं ना. १९४५ ला बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. मोंटेसरीचं महाग साहित्य वारली पाड्यावर कुठून येणार? शंख, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. पोरं शाळेत येईनात तर शाळाच अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणावर नेली. अनुताई वाघ सोबत होत्या. आमच्या घरी ही नावं देवासारखी घेतात. माझ्या मुलीला मी साहित्य काहीच घेतलं नाही. चिंचोके, सागरगोटे आणि सुपारीची फुलं. बास.

बाय द वे यंदा चिकू कसला महाग झालाय.

न्यूजर्सीतली_आत्या

माझा प्रश्न वेगळाच आहे. भाचा इथे मोंटेसरीत जातो, इंग्रजीत ३९ झटकन मांडतो. तीन कांड्या, नऊ मणी. मी मराठीत 'एकोणचाळीस' म्हटलं तर त्यानं चाळीस ऐकून चार कांड्या मांडल्या. कोणी काय करतं?

खमंग_काकडी

तेच बरोबर आहे आत्या! चारच मांडू दे. मग सांग, चाळीसला एक ऊन. आता एक मणी काढून दाखव. कांडीतून मणी निघत नाही, म्हणून एक कांडी देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, त्यातला एक परत. उरले तीन कांड्या नऊ मणी. आमच्या पोराला वजाबाकीचं हातचं एकोणिसातच कळलं, वेगळं शिकवलंच नाही.

माळावरचा_धोंडा

आठवतंय का २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्ट ऐवजी साठ तीन आलं तेव्हा केवढा कल्ला झालेला. मी पण शिव्या घातल्या होत्या. नंतर पोराला त्रेसष्ट लिहायला सांगितलं तर त्यानं ३६ लिहिलं. गप बसलो.

निवांत_दुपार

मी भागाकाराचं लिहिते, पटकन, दळण आणायचंय. आम्ही भागाकाराला पंगत म्हणतो. चार पत्रावळी (बाहुल्यांच्या, वितभर). १२४६ चं वाटप. हजाराचा ठोकळा एक आणि जेवणारे चार, मग तो मोडून दहा शतकं. आधीची दोन, एकूण बारा, प्रत्येकाला तीन. चार दशकं, एकेक. सहा एककं, एकेक, आणि उरले दोन. मी म्हटलं याला बाकी म्हणतात. लेक म्हणाली, नाही, तो गोग्रास. अजून वहीत 'उत्तर ३११, गाईला २' लिहिते.

दोन_पोरांचा_बाप

गाईला २ 😂 बाई खूश झाल्या असतील.

निवांत_दुपार

बाईंनी लाल पेनानं गाय काढून दिली खाली!

ठाण्याची_मावशी

आमचं 'बाहेर जाणं'. चाफाताई सांगतीलच, या वयाच्या मुलांनी स्वतः ठरवून, विचारून, पैसे मोजून बाहेर जायचं, मोठ्यानं नुसतं सोबत राहायचं. सुट्टीत माझी नऊ वर्षांची आणि तिच्या दोन मैत्रिणी. विषय जुनी मुंबई. ठरलं, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. वेळापत्रक काढलं, रिटर्न तिकिटाचा हिशोब केला, डबे कोणी काय आणायचे, पाण्याच्या बाटल्या. वार ठरवला बुधवार.

बुधवारी बंद असतं. मला माहीत होतं. रात्रभर नवऱ्याला म्हणतेय सांगू का, सांगू का. तो म्हणाला, तुला वर्गात काय शिकवलं? गप राहायला. राहिले.

गेलो. फाटक बंद. राणीची बाग पण बुधवारी बंद. तिघी पायरीवर बसल्या, एकीचा ओठ थरथरायला लागला. मग माझी म्हणाली, फोन करून विचारायचं असतं, ते यादीत नव्हतं. वहीत पहिल्या ओळीच्याही वर लिहिलं, 'आधी फोन'. उरलेल्या पैशांत तीन वडापाव बसतात हे गणित मात्र चुटकीसरशी झालं. शुक्रवारी परत गेलो. त्या दिवशी काय बघितलं ते विचाराल तर काही आठवत नाही, बुधवार सगळ्यांना आठवतो.

केळफूल

मावशी, मला नसतं जमलं गप राहायला. भायखळ्यापर्यंत तर नाहीच!

अबोली_शेवंती

सगळ्यांचं छान चाललंय, मी जरा रडकं लिहू का. मुलगा पाचवीत मोंटेसरीतून नेहमीच्या शाळेत घातला, आमच्याकडे पुढचे वर्ग नव्हते. पहिल्या चाचणीत गणितात चार मार्क. भागाकार येतो हो त्याला, पण तो आधी चित्र काढतो, मग वाटतो, आणि वेळ संपतो. वर्गात मधेच उठून खिडकीपाशी जातो म्हणून डायरीत शेरा. आणि इकडे जुन्या पालकांच्या ग्रुपवर रोज ज्वालामुखीचे फोटो. मी ग्रुप सोडला.

पोपटी_चाफा

अबोली, हे दरवर्षी दोन-तीन मुलांचं बघितलंय मी, आणि आम्ही तायांनी ते आधी सांगायला हवं असतं. सांगत नाही, ही आमची चूक. घरी आठवड्यातून दोनदाच, घड्याळ लावून दहा गणितं. त्याला स्पष्ट सांगा की परीक्षा हा एक वेगळा खेळ आहे, त्याचे नियम शिकू. या वयाला नियम आवडतात. चित्र काढणं बंद करू नका, रविवारी काढू द्या. आणि त्या चार मार्कांचा पेपर जपून ठेवा.

अबोली_शेवंती

ठेवलाय. त्यानं मागे पंगत काढलीय, निवांततैंच्या मुलीसारखीच. थँक्यू ताई.

माळावरचा_धोंडा

अबोलीताई, पोराला सुट्टीत इकडं पाठवा. सोयाबीन निघंल तवा पोती मोजायला माणूस लागतंय. चित्र काढत मोजलं तरी चालंल.

केळफूल

सगळ्यांना नंतर निवांत उत्तर देते. आत्ता एक अडचण. नणंदेला ती साडी गौरींना नेसायची आहे, आईची म्हणून. हो म्हटलंय. चिठोऱ्या कुठून काढल्या ते वार मोजून लेक वहीत लिहून ठेवतेय. पण पिनांनी गंजाचे डाग पडलेत, पदरावर जास्त. कशानं निघतील?

ठाण्याची_मावशी

लिंबू आणि मीठ, उन्हात.

कोसबाडची_करवंदं

थांबा थांबा, इरकलीचा पदर रेशमी असतो ना? सुती अंगावर लिंबू चालेल, पदराला नको. ड्रायक्लीनवाल्याला दाखवा आधी.

खमंग_काकडी

डायनोसोरचा डाग मात्र राहू दे गं.