मदत हवी आहे : आईच्या आवाजाची जुनी कॅसेट (पुणे)

नमस्कार मंडळी. आई गेल्या वर्षी गेली, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तिचं कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. बाबांनी ती नातवंडांसाठी भरून ठेवली होती. आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि पानशेतच्या पुराची आठवण. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत नवी सून होती. अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली, पण देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून घेतला, हे ती दर पावसाळ्यात सांगायची. माझ्या लेकीला ते आजीच्याच तोंडून पुन्हा ऐकायचंय.

अडचण अशी की टेपवर पांढरी बुरशी आलीय आणि टेपला मागून दाबणारा फेल्टचा बारीक तुकडाही गळून पडलाय. अशी टेप लावली तर तुटू शकते, टेपरेकॉर्डरचा हेडही (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) खराब होतो, म्हणून अजून वाजवलेली नाही.

पुण्यात कॅसेट उघडून, हाताने साफ करून, नव्या खोक्यात घालून डिजिटल करून देणारं कुणी खात्रीचं माहीत आहे का? शक्यतो समोर बसून काम करणारं. ती एकच प्रत आहे, कुरियरने पाठवायला जीव होत नाही. कुणी स्वतः करून घेतलं असेल तर अंदाजे खर्चही सांगा.