काटा पाव टाकी दाखवत होता आणि इंजिन बंद पडलं, बोटीच्या फ्युएल गेजचं काय करायचं?

मांडवीकाठचा
मंडळी नमस्कार, माझी एकवीस फुटी फायबरची बोट आहे, मागे बाहेरून लावायचं साठ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड) आणि डेकखाली फिक्स नव्वद लिटरची टाकी. सेकंडहँड घेतलीय, मालीमला बांधतो, सुट्टीच्या दिवशी गरवायला जातो बस्स. गेल्या रविवारी आग्वादच्या बाहेरून परत येताना गेज पाव टाकी दाखवत होता म्हणजे निदान वीस लिटर असं धरून मी निवांत, आणि नेमकं नदीच्या तोंडाशी बारवर, म्हणजे वाळूच्या दांड्यावर, जिथे लाटा फुटतात तिथेच इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. बरोबर मेहुणा आणि त्याचा मुलगा. नांगर टाकला म्हणून बरं, नाहीतर ओहोटीने बाहेर ओढून नेलं असतं, मग एका ट्रॉलरवाल्याने दोरी दिली. घरी काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पंपावर फुल केली तर अठ्ठ्याऐंशी लिटर गेलं, म्हणजे टाकी खरोखरच कोरडी होती. गेज नवीन घेऊ का? मेकॅनिक म्हणतो बोटीचे काटे असेच असतात, सवय करा.

वायरिंगवाला_फोंडा
गेज लगेच बदलू नका, दहातल्या आठ वेळा गेज चांगलाच असतो. टाकीत तरंगणारा फ्लोट, त्याच्या दांड्याला जोडलेला सेंडर आणि डॅशवरचा काटा, एवढाच खेळ आहे. सेंडर म्हणजे पातळीप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. त्यात दोन जाती, अमेरिकन जातीत रिकामी २४० ओहम आणि भरलेली ३३ च्या आसपास, युरोपियन बरोबर उलट, रिकामी १० आणि भरलेली १८०. तुमचा काटा खोटं जास्त दाखवतोय त्यावरून मला युरोपियन वाटतो, कारण खाऱ्या हवेने अर्थची वायर हिरवी पडली की लाइनमध्ये फुकटचे ओहम वाढतात, आणि युरोपियनमध्ये ओहम वाढले की काट्याला वाटतं पेट्रोल वाढलं. अमेरिकन असता तर उलट कमी दाखवला असता, त्यात निदान माणूस अडकत नाही.

तपासायचं असं. सेंडरवरची सिग्नलची वायर, बहुतेक बोटींत गुलाबी असते, ती काढा आणि मग स्विच ऑन करून काटा बघा. युरोपियन असेल तर फुलकडे पळेल. मग स्विच ऑफ करून तीच वायर अर्थला जोडा, परत ऑन, आता रिकाम्याकडे पडला पाहिजे. दोन्ही झालं तर गेज आणि तिथवरची वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. मल्टिमीटर असेल तर सेंडरचे ओहम थेट मोजा. आणि हे सगळं डेकचं झाकण अर्धा तास उघडं ठेवून, वास पूर्ण गेल्यावर. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी बसून राहते. वायर जोडणं-काढणं स्विच बंद असतानाच, ठिणगी नको.

पेडण्याचा_तांडेल
बाबांनो ओहम बिहम ठीक आहे पण टाकीचा आकार कोणी बघितला का? डेकखालची टाकी बोटीच्या पोटासारखी खाली निमुळती असते, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला तेव्हा वरचा रुंद भाग संपलेला असतो आणि खाली उरतं ते अर्ध्यापेक्षा बरंच कमी. शिवाय शेवटचे काही लिटर इंजिनला मिळतच नाहीत, नळी अगदी तळाला टेकत नाही. त्यात बोट पळायला लागली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उठते आणि सगळं पेट्रोल मागे, सेंडर मागच्या बाजूला असेल तर काटा खुशीत वर. म्हणून काटा बघायचा तो बोट थांबवून, सपाट पाण्यात.

आमच्याकडे शापोऱ्याला वडिलांच्या वेळेपासून सुट्या टाक्या आणि एक बांबूची पट्टी. पेट्रोल लगेच उडतं म्हणून पट्टीवर खडू फासायचा, ओली रेघ नीट दिसते. मी आजही तेच करतो.

सागरी_सोमवार
काका आता फ्लो मीटर मिळतात, इंजिनने किती लिटर खाल्लं ते आकड्यात दाखवतात, पट्टी कशाला घेऊन फिरायची?

पेडण्याचा_तांडेल
फ्लो मीटर इंजिनने खाल्लेलं सांगतो, टाकीत उरलेलं नाही. तू भरताना चाळीस टाकून पन्नास लिहिलंस किंवा पाइप कुठे गळत असला तर त्याला काय कळणार? लाव, पण पट्टी पण ठेव.

वायरिंगवाला_फोंडा
तांडेल बरोबर बोलतायत. एक गंमत सांगतो, एका गिऱ्हाइकाने युरोपियन सेंडरवर अमेरिकन गेज लावलेला, स्वस्तात मिळाला म्हणून. पेट्रोल संपत जाईल तसा काटा वर चढायचा, आणि हा माणूस दोन ट्रिप मित्रांना सांगत होता की इंजिन ॲव्हरेज काय देतंय बघा!

करंझाळेकर
मी तास लिहून ठेवतो. फुल करायचं, इंजिनचे तास बघायचे, पुढच्या वेळी परत फुल करताना किती लिटर गेलं ते तासांनी भागायचं. साठचं फोर स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला वीस-बावीस लिटर पितं, आरामात चालवलं तर जवळपास निम्मं. पण दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला आणि वर नदीत शिरताना ओहोटी समोरून आली की सकाळचा हिशोब धुऊन जातो. म्हणून पेट्रोलचा एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक हात न लावायला. आणि फोनमध्ये १५५४ सेव्ह करा, कोस्ट गार्डचा नंबर आहे.

मांडवीकाठचा
सगळ्यांचे आभार, रविवार अख्खा यातच गेला. वायर काढली तर काटा फुलकडे, अर्थला लावली तर रिकाम्याकडे, म्हणजे युरोपियनच. अर्थची वायर हाताने ओढली तर टोकाच्या लगमधून (धातूच्या कडीतून) सरळ हातात आली, आत हिरवी पूड. नवीन टिन्ड, म्हणजे कथील चढवलेली, वायर टाकली. मग टाकीतलं पेट्रोल पंपाने काढून बोट पाण्यात असतानाच पाच-पाच लिटर ओतत गेलो आणि काट्याच्या काचेवर टेप लावून खुणा केल्या. पहिले दोन कॅन काटा हललाच नाही! पाव दाखवतो तेव्हा पंधरा लिटर, अर्धा म्हणतो तेव्हा छत्तीस, आणि ऐंशीलाच फुल दाखवून पुढचे दहा लिटर तिथेच चिकटलेला. आता निदान त्याच्या थापा मला ठाऊक आहेत. बांबूची पट्टी मात्र आत जात नाही, भरायचा पाइप वाकडा आहे, काही उपाय?

पेडण्याचा_तांडेल
सेंडरचे पाच स्क्रू खोलून त्या भोकातून एकदा मोजून घ्या, रोज नको. परत लावताना जबरदस्ती करू नका, एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं, एकाच बाजूने बसतं.

मांडवीकाठचा
त्याच्याखालचं रबर आत्ताच चिरलंय. जुन्या ट्यूबचं कापून लावू?

वायरिंगवाला_फोंडा
अजिबात नको, ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि गळतं. नायट्राइलचं शीट मागा, हार्डवेअरवाला ऑइल रबर म्हटलं की देईल.