लहान कॉलेजात इंग्लिश स्पेशल : घ्यावं की पुण्याला पळावं?

करवीरकर : ‘गावातल्या कॉलेजात इंग्लिश स्पेशल म्हणजे तीन वर्षांची माती. परवडत असेल तर पुणं गाठा, नाहीतर दुसरा विषय घ्या.’ कालची ही पोस्ट, आणि खाली अंगठ्यांची रांग! कुणी जरा विचार केला का?

स्पेशलला पोरं असतात किती? कुठं दहा, कुठं पंधरा. एवढ्या वर्गात सरांना दर आठवड्याला प्रत्येकाचं एक पान तपासता येतं. शंभराच्या वर्गात हजेरीतच तास जातो. आधी मूळ पुस्तक पेन्सिल घेऊन वाचायचं, प्रत्येक प्रकरणाखाली दोन ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या, मगच गाईड उघडायचं. क्रम उलटा झाला की संदर्भासह स्पष्टीकरणात उतारा कुणाच्या तोंडचा तेच ओळखत नाही. पुण्याला जाऊन हे कसं सुधारणार?

गडहिंग्लज एसटी : पान तपासणार कोण, मालक? विभागात एकच कायम प्राध्यापक. त्यांच्याच गळ्यात कम्पल्सरी इंग्लिशचे वर्ग, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आणि एनएसएसचं शिबिर. उरलेले पेपर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासावर पैसे घेणाऱ्या हंगामी शिक्षकांकडे. ती नेमणूक सत्र सुरू झाल्यावर कधीतरी होते, मग पहिलं युनिट दोन तासांत उरकतात. कापलं जातं ते नेहमी फोनेटिक्स, म्हणजे उच्चारशास्त्र.

रंकाळा वारा : फोनेटिक्सचं नाव काढलंच आहे तर ऐका. इंग्रजीचे ४४ ध्वनी, त्यांत २० स्वर, २४ व्यंजनं. पोरं तक्ता पाठ करतात, ‘प’ चं ‘व्हॉइसलेस बायलेबियल प्लोसिव्ह’ असं तीन शब्दांचं लेबल लिहितात, मार्क घेतात. आवाज मात्र एकदाही ऐकलेला नसतो! याला लॅब लागत नाही. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी ओठांपुढं धरा आणि ‘पिन’ म्हणा. इंग्रज म्हणतो तेव्हा पट्टी उडते, आपण म्हणतो तेव्हा हलत नाही. ‘स्पिन’ मध्ये इंग्रजाचीही हलत नाही. ‘स’ आणि ‘झ’ साठी गळ्यावर बोटं ठेवा, ‘झ’ चा घोष, म्हणजे गळ्यातली थरथर, हाताला लागतो. दहा मिनिटांचं काम.

कागलचा पाटील : इंग्रजाची पट्टी उडू दे की, आमचं काय अडलंय? साहेब जाऊन पाऊणशे वर्षं झाली आणि आम्ही अजून त्याच्यासारखं फुंकर मारत बोलायचं? मराठी माणसाचं इंग्रजी मराठीसारखंच ऐकू येणार. लाज कसली?

रंकाळा वारा : फुंकरीचं सोडा, आघाताचं बोला. ‘डेव्हलप’ मध्ये आपण जोर ‘डे’ वर देतो, तो हवा ‘व्हे’ वर. शेवटी ‘शन’ आलं की आघात त्याच्या आधीच्या अवयवावर (सिलॅबलवर), ‘एज्युकेशन’ मध्ये ‘के’ वर. ‘इटी’ चंही तसंच, ‘ॲबिलिटी’ मध्ये ‘बि’ वर. ‘इक’ लाही बहुतेक हेच, पण ‘पॉलिटिक्स’ सारखे अपवाद आहेत. जोर चुकला की समोरच्याला शब्दच कळत नाही. यात गुलामगिरी कुठं आली?

कागलचा पाटील : समोरचा म्हणजे कोण? शिरोली एमआयडीसीतला एचआर? तोही आपल्यासारखाच ‘डे’ वर जोर देतोय.

गडहिंग्लज एसटी : अरे, विषय काय आणि भांडताय काय! पोरानं ॲडमिशन घ्यावी की नाही?

तासिकावाली : आघातावर भांडणाऱ्यांनी पुढचंही सांगा. प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा म्हणजे नेट-सेट, त्यांना एम.ए.ला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ५०. नेटचे दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. बी.ए.ला गाईडवर निघालेला पोरगा इथं आपटतो, कारण दुसऱ्या पेपरात कालक्रम लावा, जोड्या जुळवा असले प्रश्न येतात. गाईडात एकेक कवी सुटा असतो, कोण कुणाच्या आधी हे डोक्यात बसत नाही. पहिल्या वर्षापासून भिंतीवर एक लांब कागद लावा, वाचलेलं प्रत्येक पुस्तक सालासकट त्यावर चढवा. आणि हे सगळं करून नेट काढली तरी पुढं तासिकाच! सुट्टीचा पगार नाही, बिल निघेल तेव्हा पैसे.

करवीरकर : तासिकेचं मान्य. पण ते पुण्यातही तसंच आहे, फक्त वर खोलीभाडं. पुस्तकांसाठी पुणं कशाला? शिवाजी विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे, कोल्हापूर गावात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. सभासदत्वाची चौकशी तरी करा.

गडहिंग्लज एसटी : चंदगडच्या पोरानं वाचायला कोल्हापूर गाठायचं, आणि शेवटच्या एसटीनं परत? धन्य आहे! बरं, एवढं मानतो : ॲडमिशनआधी विभागात जाऊन विचारावं, कुठला पेपर कोण शिकवणार आणि मागच्या सत्रात फोनेटिक्सचे तास किती झाले. उत्तर द्यायला सर अडखळले, तर मग खुशाल इतिहास घ्या.

कागलचा पाटील : इतिहासवाल्यांना काय कमी समजता काय? थांबा, त्यावर वेगळा धागा काढतो.